सामाईक प्रक्षेपण केंद्रावर बेस स्टेशन बसवताना कोणती काळजी घ्यावी?

लहरपाल (प्रश्न)

५० वॅटचे एक व्हीएचएफ बेस स्टेशन (एका जागी कायम बसवलेला रेडिओ संच) सामाईक प्रक्षेपण केंद्रावर बसवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. टॉवरच्या माथ्यावर एफएम प्रसारणाचा चार ‘बें’चा (बे म्हणजे एकाखाली एक लावलेल्या भागांपैकी एक) अँटेना असून त्याच्या सुमारे ६ मीटर खाली आमच्या अँटेनासाठी जागा मिळाली आहे; त्याहून खाली मोबाइल सेवेची पॅनेल आहेत. उपकरणांच्या खोलीत ४८ व्होल्टचा डीसी पुरवठा तयार आहे. आमचा संच १३.८ व्होल्टवर चालतो, म्हणून मी ४८ चे १३.८ करणारा एक साधा कन्व्हर्टर मागवला आहे. संचासाठी खोलीबाहेर वेगळा अर्थ रॉड ठोकण्याचाही विचार आहे, म्हणजे इतरांच्या यंत्रांशी आमचा संबंध राहणार नाही.

आजवर मी वाहनांतले आणि कार्यालयांतले संच बसवले आहेत. टॉवरवर मी चढणार नाही, त्यासाठी प्रशिक्षित जोडी येणार आहे. मात्र खालची सर्व जबाबदारी माझी आहे. एफएम प्रक्षेपक चालू असतानाच काम करायला केंद्राच्या व्यवस्थापकांची हरकत नाही. ‘सगळेच चढतात, कुणाला काही होत नाही,’ असे ते म्हणतात. माझ्या योजनेत काय चुकते आहे, ते जाणकारांनी सांगावे.

जुना तंत्री

अर्थ रॉड आणि कन्व्हर्टर, दोन्ही आधी थांबवा.

कन्व्हर्टरचे आधी सांगतो, कारण वाहनांच्या कामातून आलेला माणूस हमखास तिथेच फसतो. दूरसंचार केंद्रावरचा ४८ व्होल्टचा पुरवठा बहुधा उणे ४८ व्होल्टचा असतो, म्हणजे त्याचे धन टोक अर्थ केलेले असते. ही प्रथा टेलिफोन एक्स्चेंजच्या काळापासून चालत आली आहे. जमिनीतल्या तांब्याच्या तारा गंजून झिजू नयेत म्हणून ती पडली. आपल्या संचात मात्र ऋण टोक खोक्याला जोडलेले असते. साध्या, म्हणजे विलगीकरण नसलेल्या कन्व्हर्टरमध्ये ऋण टोक दोन्ही बाजूंना सामाईक असेल, तर संचाचे संपूर्ण खोके उणे ४८ व्होल्टवर जाते आणि ते अर्थ केलेल्या रॅकला टेकले की बॅटरी बँक सरळ शॉर्ट होते.

हे मी स्वतः अनुभवले आहे. आम्ही चाचणीसाठी संच लाकडी टेबलावर ठेवला होता, त्यामुळे तो सुरळीत चालू झाला आणि आम्ही निश्चिंत झालो. मग सहकाऱ्याने फीडरचा, म्हणजे अँटेनाकडे जाणाऱ्या केबलचा, कनेक्टर लावायला घेतला. फीडरचे बाहेरचे आवरण टॉवरवर अर्थ केलेलेच असते. आटा आट्याला टेकताच निळसर ठिणगी उडाली, कनेक्टरच्या कडेचा कपचा उडाला आणि फ्यूज गेला. फ्यूज गेला म्हणून निभावले. तुम्हाला इनपुट आणि आउटपुट एकमेकांपासून पूर्ण विलग असलेला कन्व्हर्टर हवा. तो बसवल्यावरही संच रॅकला आवळण्यापूर्वी खोके आणि रॅक यांच्यातला व्होल्टेज मल्टिमीटरने मोजा. तो शून्याच्या आसपास नसेल तर पाना खाली ठेवा.

बॅटरीपाशी काम करताना अंगठी, घड्याळ आणि धातूचे कडे काढून ठेवावे. ४८ व्होल्टचा झटका फारसा लागत नाही म्हणून लोक बेफिकीर राहतात, पण शॉर्ट झालेली मोठी बॅटरी बँक हजारो अँपिअर देऊ शकते आणि तेवढ्यात बोटातली अंगठी लाल होते. पाने इन्सुलेट केलेलेच वापरावेत. लेड-ॲसिड बॅटऱ्या असतील तर खोली हवेशीर ठेवावी, कारण त्यांतून सुटणारा हायड्रोजन हवेत ४ टक्के झाला की पेट घेऊ शकतो.

आता अर्थिंग. वेगळा रॉड ठोकून तो केंद्राच्या अर्थिंगला न जोडणे म्हणजे खोलीत दोन वेगळ्या ‘जमिनी’ तयार करणे होय. वीज पडली की या दोन जमिनींमध्ये हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि तो फरक तुमच्या संचामधून मार्ग काढतो. म्हणून रॅक, पुरवठा, अरेस्टर (विजेचा लोंढा जमिनीकडे वळवणारे साधन) आणि फीडरचे आवरण ही सर्व केंद्राच्या एकाच अर्थ बसबारला, म्हणजे अर्थच्या सामाईक पट्टीला, जोडावीत. फीडरला वर अँटेनाजवळ, खाली तो टॉवर सोडून आडवा वळतो त्याच्या आधी आणि खोलीत शिरण्यापूर्वी, अशा किमान तीन जागी ग्राउंडिंग किट (आवरण अर्थला जोडणारा जोड) लावावे. टॉवर उंच असेल तर मधेही लावावे.

अर्थची तार शक्य तितकी आखूड आणि सरळ ठेवावी. एक मीटर तारेचे प्रेरकत्व (प्रवाहातल्या झटपट बदलाला होणारा विरोध) साधारण १ मायक्रोहेन्री असते आणि विजेचा प्रवाह दर मायक्रोसेकंदाला १० किलोअँपिअरने वाढत असेल, तर त्या एका मीटरवर १० किलोव्होल्ट उभे राहतात. उरलेली तार नीटनेटकी दिसावी म्हणून गुंडाळून बांधणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. ते वेटोळे दिसायला सुबक असते. विजेच्या वाटेत मात्र तो अडथळाच ठरतो.

उंचीवरचा

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे, म्हणून फक्त टॉवरविषयी लिहितो. ‘सगळेच चढतात’ हे काही मोजमाप नव्हे. एफएम अँटेनाच्या दोन बेंमध्ये किती अंतर आहे, हे आधी विचारा. ते पूर्ण तरंगलांबीइतके, म्हणजे १०० मेगाहर्ट्झला ३ मीटर असेल, तर ऊर्जेचा बराच भाग थेट खाली येतो आणि तुमची जोडी नेमकी तिथेच उभी राहणार आहे. अंतर अर्ध्या तरंगलांबीइतके असेल तर खाली येणारी ऊर्जा पुष्कळच कमी होते.

अंदाजापुरते गणित करून पाहू. खालच्या दिशेला परिणामी शक्ती (अँटेना त्या दिशेला जितकी शक्ती फेकतो ती) ४ किलोवॅट धरली, तर ६ मीटरवर दर चौरस मीटरला सुमारे ९ वॅट भरतात. इक्निर्पच्या (रेडिओलहरींसारख्या प्रारणांपासून संरक्षणासाठीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या) २०२०च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार या वारंवारतेला पूर्ण शरीरासाठी, ३० मिनिटांच्या सरासरीने, कामगारांची मर्यादा १० आणि सर्वसामान्यांची २ वॅट आहे. ब्रॅकेट आवळायला माणूस दोन मीटर वर सरकला की तोच आकडा २० होतो. अँटेनाच्या इतक्या जवळ हे सूत्र काटेकोर लागू पडत नाही, म्हणून खरा निर्णय मोजणी करूनच घ्यावा; पण शक्ती कमी करून घेतल्याशिवाय किंवा प्रक्षेपक बंद केल्याशिवाय मी माणूस वर पाठवणार नाही. बंद केल्यावर स्विचला कुलूप घालावे आणि किल्ली वर चढणाऱ्याच्याच खिशात असावी. मोबाइलच्या पॅनेलसमोरूनही जावे लागणार असेल, तर त्यांच्या चालकांनाही तेच सांगावे.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. एफएम चालू असताना टॉवरवरून खाली आलेल्या मोकळ्या फीडरच्या मधल्या तारेला बोट लावू नये. तिच्यात प्रेरित झालेला व्होल्टेज त्वचेवर टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका उमटवतो. भाजलेले वरून लहान दिसते, पण खोलवर असते आणि बरे व्हायला वेळ घेते.

लहरपाल

मनःपूर्वक आभार. आज विचारले तेव्हा बेंमधले अंतर जवळजवळ ३ मीटरच असल्याचे समजले. कन्व्हर्टर परत पाठवत आहे आणि रॉडचा विचार सोडून दिला आहे. प्रसारण चालक मध्यरात्रीनंतर दोन तास प्रक्षेपक बंद ठेवायला तयार आहेत. अंगावर लावायचा रेडिओलहरींचा मॉनिटर जोडीजवळ आहे. तो असताना केवळ शक्ती कमी करून दिवसा काम उरकता येईल का?

मापनवाला

मॉनिटरवर भिस्त ठेवण्यापूर्वी त्याची वारंवारतेची कक्षा पाहावी. मोबाइलच्या कामासाठी घेतलेली काही उपकरणे १०० मेगाहर्ट्झला नीट प्रतिसादच देत नाहीत आणि ती गप्प राहिली की माणूस सर्व ठीक आहे असे समजतो. शिवाय लहरी पाठीमागून येत असतील तर छातीवरचा मॉनिटर शरीराच्या आडोशाला जातो आणि आकडा कमी दाखवतो. तो इशारा देतो, संरक्षण करत नाही.

रात्रीच्या दोन तासांत घाई होईल आणि अंधारात चढणे हा वेगळाच धोका आहे. शक्य असल्यास पहाटे उजाडतानाची वेळ मागून घ्या. ती मिळाली नाही तर फीडरला कनेक्टर लावणे, ब्रॅकेटची जुळणी आणि ग्राउंडिंग किटची तयारी खालीच उरकून घ्यावी, म्हणजे वर फक्त बसवणे आणि आवळणे उरेल. जोडीपैकी एक जण अडकला तर त्याला खाली कसे आणायचे, याची दोर आणि माणसांसह तालीम आधी झालेली असावी, कारण हार्नेसमध्ये निश्चल लटकलेला माणूस थोड्याच वेळात बेशुद्ध पडू शकतो. टॉवरखाली दोऱ्या बांधून जागा मोकळी ठेवावी आणि प्रत्येक हत्यार दोरीने बांधलेले असावे.

खाली तुमचा क्रम असा ठेवा: आधी रॅकचे अर्थिंग, मग डमी लोड (अँटेनाऐवजी जोडायचा, शक्ती शोषून घेणारा रोधक), त्यानंतर ध्रुवता, म्हणजे धन-ऋण टोके, तपासून पुरवठा. डमी लोडवर शक्ती योग्य दिसली की संच बंद करून फीडर जोडावा आणि कमी शक्तीवर परावर्तन, म्हणजे अँटेनाकडून परत येणारी शक्ती, पाहावे. आउटपुट मोकळे ठेवून संच कधीही प्रक्षेपणावर टाकू नये. कनेक्टर ७/१६ डिन प्रकारचा असेल तर टॉर्क पान्याने २५ ते ३० न्यूटन-मीटरपर्यंत आवळावा. हाताच्या अंदाजाने आवळलेला सांधा पहिल्या पावसापर्यंतच टिकतो.