नागपाड्याचं काय मग?

वर कुणीतरी लिहिलंय की गरीब वस्तीतलं ख्रिस्ती मिशनचं काम म्हणजे आधी दूध पावडर, मग बाप्तिस्मा, म्हणजे मदतीच्या आडून धर्मांतर. असं कुठेच झालं नाही असं मी म्हणणार नाही, पण सरसकट नको. मुंबईतला नागपाडा घ्या. अमेरिकन मराठी मिशन १८१३ पासून मुंबईत. शाळा, छापखाना, प्रवचनं, सगळं करून झालं. मग १९२०च्या दशकात त्यांच्याच क्लिफर्ड मॅन्शार्टनी त्या दाटीच्या वस्तीत 'नागपाडा नेबरहूड हाऊस' हे वस्तीसाठीचं समाजकेंद्र काढलं, आणि तेही सगळ्या जातीधर्मांसाठी खुलं. १९३६ साली टाटांची समाजकार्याची शाळा तिथेच भरू लागली, पहिले संचालक मॅन्शार्टच. तीच आजची देवनारची टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस! विद्यार्थ्यांना 'फील्डवर्क'साठी लांब जायला नको, दार उघडलं की वस्ती.

आणि कधी संध्याकाळी नागपाड्यात चक्कर मारा. वायएमसीएच्या बास्केटबॉल कोर्टावर घामाघूम पोरं दिसतील, बरीचशी मुसलमान मोहल्ल्यातली. संस्थेच्या नावातला 'सी' कशाचा ('ख्रिश्चन'चा), हे विचारायला तिथे कुणाला सवड नसते. भारताकडून खेळलेली मंडळी याच भागातून निघालीत.