नवा जिल्हा मिळत असताना नागा लोकांनी महामार्ग का अडवला?

बोडेलीवाला

मंडळी, मी मूळचा बोडेलीचा, आता बरीच वर्षं वडोद्याच्या बाबाजीपुऱ्यात. २०१३ मध्ये वडोदरा जिल्ह्यातून छोटा उदेपूर वेगळा निघाला तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले होते. कवांट-नसवाडीच्या राठवा आदिवासी माणसाला कलेक्टर कचेरीतल्या एका सहीसाठी वडोद्याला यायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडायची. साहेब जेवायला गेले असले की दुसराही दिवस गेला. त्यामुळे नवा जिल्हा म्हटलं की मला तरी आनंदाचीच गोष्ट वाटते.

आमच्या वरच्या खोलीत यंदा युनिव्हर्सिटीत शिकणारा एक मुलगा भाड्याने राहतो. मणिपूरचा, माछीकडचा, मरिंग नागा. रात्री जेवायला आमच्याकडेच असतो, बायकोच्या हातची कटाची आमटी मागून घेतो. परवा विषय निघाला तेव्हा म्हणाला की २०१६ मध्ये त्यांच्याकडे सरकारने एकदम सात नवे जिल्हे केले आणि त्याविरुद्ध नागांनी महामार्ग बंद पाडले. त्याचं माछीही चांदेलमधून काढून नव्या तेंगनौपाल जिल्ह्यात घातलं. मी म्हटलं, अरे, कचेरी जवळ आली ना? तर म्हणाला, "अंकल, हमसे किसीने पूछा ही नहीं," आणि हात धुवायला उठला. परीक्षा आहे त्याची, मग मी पुढे खोदत बसलो नाही.

गुजरातनेही २०१३ मध्ये सातच केले होते. इथे लोक खूश, तिथे रस्ता बंद. असं का? कोणी त्या बाजूला राहिलं असेल तर सांगा.

निवांतराव

निवडणूक, दुसरं काय. डिसेंबर २०१६ मध्ये जिल्हे जाहीर, मार्च २०१७ मध्ये मतदान. हिशेब करा.

रावपुरा_रिटायर्ड

निवांतराव, निवडणुकीचं म्हणता ते खोटं नाही. मुख्यमंत्री इबोबी सिंह यांच्या काँग्रेस सरकारला त्याचा फायदा हवाच होता. पण तेवढ्यासाठी कोणी ऐन थंडीत महिनोन्‌महिने आंदोलन चालवत नाही. मी तेव्हा बँकेच्या नोकरीत इम्फाळला होतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

बोडेलीवाले, तुमच्या राठव्याकडे सातबारा आहे. कलेक्टर बदलला तरी त्याची जमीन कागदावर त्याचीच. मणिपूरच्या डोंगरात तसं नाही. तिथला १९६० चा जमीन महसूल कायदा बहुतांश डोंगरी भागाला लागूच नाही. मोजणी नाही, उतारा नाही. गावाची हद्द म्हणजे अमुक ओढा, तमुक डोंगराची धार, आणि म्हाताऱ्यांच्या तोंडी असलेली आठवण. शिवाय नागांमध्ये बहुतेक ठिकाणी जमीन कुळांची आणि गावाची, डोंगरातल्याच दुसऱ्या जमातीत, कुकींमध्ये, ती मुखियाची. अशा ठिकाणी सरकारने नकाशावर रेघ मारली की तोच पहिला कागद होतो. उद्या भांडण झालं की जो तो त्या रेघेकडे बोट दाखवणार. नागांची भीती ही होती. कचेरी किती किलोमीटरवर आली, याचं त्यांना फारसं पडलेलं नव्हतं.

दुसरं, डोक्यांची मोजणी. जुन्या चांदेल जिल्ह्यात मरिंग, अनाल, लमकांग, मोयोन, मोनसांग अशा लहान लहान नागा जमाती एकत्र होत्या. प्रत्येकीची माणसं थोडी, पण मिळून वजन होतं. जिल्हा फोडला आणि माछीचे मरिंग मोरेच्या बाजूला गेले. तिथे म्यानमार सीमेवरचा बाजार आहे, कुकी वस्ती मोठी आहे. तुमच्या भाडेकरूचं दुखणं बहुधा हेच असावं. सेनापती जिल्ह्यातून कांगपोकपी काढला तेव्हा तिथली नागा गावंही अशीच पलीकडे गेली.

आता विचारलं नाही म्हणजे काय, तेही बघा. विधानसभेच्या साठ जागांपैकी चाळीस इम्फाळच्या खोऱ्यात, वीस डोंगरात. क्षेत्रफळ मात्र उलट, सुमारे नव्वद टक्के डोंगर. म्हणूनच घटनेत ३७१-सी कलम आहे आणि डोंगरी आमदारांची वेगळी समिती, हिल एरियाज कमिटी, आहे. युनायटेड नागा कौन्सिल या नागांच्या संघटनेचं म्हणणं असं की या समितीला आणि नागा संघटनांना विचारल्याशिवाय डोंगरातल्या हद्दी बदलणार नाही, असे चार लेखी करार राज्य सरकारने आधी केले होते आणि २०११ मध्ये केंद्रानेही तसा शब्द दिला होता. तो मोडला. सदर हिल्स (म्हणजे आताचा कांगपोकपी) आणि जिरिबाम जिल्हे होणार अशी कुणकुण लागताच १ नोव्हेंबरला नाकेबंदी सुरू झाली होती. सरकारने माघार घ्यायच्या ऐवजी डिसेंबरमध्ये सात जाहीर केले.

आणि नाकेबंदी म्हणजे काय, हेही सांगतो, कारण खोऱ्यातल्या माणसाचे हाल मी डोळ्यांनी पाहिलेत. कोहिमाकडून येणारा रस्ता बंद. सिलचरकडच्या रस्त्यावर ट्रक सुरक्षा दलाच्या पहाऱ्यात, ताफ्याने येणार. त्यात ८ नोव्हेंबरला नोटाबंदी. सकाळी शटर वर करायच्या आत बँकेबाहेर रांग, पेट्रोल पंपावर तिच्याहून लांब रांग. पंप कोरडा, पण समोरच्या फुटपाथवर बाया पाण्याच्या बाटल्यांत पेट्रोल भरून विकत बसलेल्या, दुपारचा भाव सकाळपेक्षा जास्त. आमचा शिपाई, खोऱ्यातला मैतेई, गॅस संपल्यावर अंगणात चूल मांडून स्वयंपाक करायचा. त्याने कोणाचा जिल्हा फोडला होता? नागांची तक्रार मला पटते, पण तिची वसुली ज्याच्याकडून झाली ते मुळीच पटत नाही.

कारेलीबागची_मेघा

काका, जमिनीचा मुद्दा मला माहीतच नव्हता. पण कुकींची बाजू राहून गेली. हॉस्टेलमध्ये माझी रूममेट कांगपोकपीची होती. तिच्या घरी हा विषय आजोबांपासूनचा. १९७१ च्या कायद्याने डोंगरात सहा स्वायत्त जिल्हा परिषदा झाल्या, त्यांत सदर हिल्स वेगळी होती. बाकीच्या पाचांना पूर्ण जिल्ह्याचा दर्जा, सदर हिल्स मात्र सेनापतीला जोडलेली. "आज करतो, उद्या करतो" ऐकत दोन पिढ्या गेल्या. २०११ मध्ये कुकींनीही यासाठी तीन महिन्यांच्या वर रस्ते अडवले होते. म्हणजे जिल्हा द्या म्हणून एकांची नाकेबंदी आणि देऊ नका म्हणून दुसऱ्यांची, रस्ता तोच. तिच्यासाठी डिसेंबर २०१६ हा सणच होता, तुमच्या बोडेलीसारखा. तिला ‘विचारलं नाही’ म्हटलं की ती चिडायची: आमच्या जिल्ह्यासाठी त्यांची परवानगी का?

याचं उत्तर मला तेव्हाही सुचलं नव्हतं.

रावपुरा_रिटायर्ड

मेघाताई, परवानगी हा शब्द त्यांना झोंबणारच. पण ज्या हद्दीत दोघांची गावं आहेत तिथे दोघांना एका टेबलावर बसवायचं काम सरकारचं होतं. फक्त कुकी गावांचा जिल्हा काढायचा असता तर वाद इतका पेटला नसता असं मला वाटतं. गंमत म्हणजे सातांत नोने आणि कामजोंग हे जवळजवळ पूर्ण नागांचे जिल्हे होते. नोन्यातल्या काही लोकांना जिल्हा हवाच होता. तरी कौन्सिलने सातही नाकारले, कारण एक मान्य केला की न विचारता रेघ मारायची पद्धत मान्य झाली. शिवाय मागे मोठा विषय आहेच: सगळी नागा वस्ती एका प्रशासनाखाली यावी, ही जुनी मागणी. जिल्ह्याची नवी हद्द त्या नकाशाच्या आड येते. मैतेईंना नेमकी त्याचीच धास्ती, की मणिपूर तुटेल. २००१ च्या जूनमध्ये केंद्र आणि नागा बंडखोरांमधली युद्धबंदी मणिपुरात लागू होणार म्हटल्यावर इम्फाळात विधानसभेची इमारत जाळली होती.

पालनपूरकर

"इथे लोक खूश" हे जरा जपून, बोडेलीवाले. जानेवारी २०२५ मध्ये बनासकांठा फोडून वाव-थराद हा नवा जिल्हा जाहीर झाला तेव्हा धानेरा, कांकरेज, दियोदर तिन्हीकडे बंद पाळले. धानेरावाल्यांना पालनपूर सोडायचं नव्हतं, दियोदरवाल्यांना मुख्यालय स्वतःकडे हवं होतं. जातीजमातीचा प्रश्न नव्हता, म्हणून मोर्चे आणि निवेदनांवर भागलं.

बोडेलीवाला

सातबाऱ्याचा मुद्दा डोक्यात बसला. आमच्याकडेही राठवा-भिलांच्या जंगलजमिनीचे दावे वर्षानुवर्षं पडून असतात, ज्याच्या हातात कागद नाही त्याला नवी रेघ कशी दिसत असेल ते थोडं कळतंय. शेवटी झालं काय? जिल्हे मागे घेतले?

रावपुरा_रिटायर्ड

नाही. मार्च २०१७ मध्ये सरकार बदललं, बीरेन सिंह आले, आणि सेनापतीला केंद्र, राज्य आणि कौन्सिल अशी तिघांची बैठक होऊन १९ मार्चच्या रात्री नाकेबंदी उठली. कौन्सिलचे अटकेतले नेते सुटले. जिल्ह्यांबद्दल "चर्चा करू" एवढंच ठरलं. त्यानंतर चर्चेच्या फेऱ्या झाल्या, पण जिल्हे नवाचे सोळा झाले ते सोळाच आहेत. आणि २०२३ च्या मे महिन्यापासून मैतेई-कुकी हिंसाचाराने सगळंच इतकं बिघडलंय की हद्दींचा विषय काढायचीसुद्धा पंचाईत. मुलाला परीक्षा झाल्यावर विचारा, पण त्याच्या गावची माणसं कशी आहेत ते आधी विचारा.