मदत हवी आहे: मुलीच्या फीसाठी बिटकॉइन आत्ताच विकावं का, आणि किती?

नमस्कार मंडळी,

भाव कुठे जाणार हे विचारायला धागा काढलेला नाही. ते सांगणारे व्हॉट्सअ‍ॅपवर पैशाला पासरी आहेत. माझा प्रश्न किती आणि कसं विकायचं याचा आहे.

एफटीएक्स हे क्रिप्टो एक्स्चेंज (बिटकॉइनसारखी आभासी चलनं विकत घ्यायची-विकायची कंपनी) बुडाल्यावर, 2022 च्या डिसेंबरच्या आसपास, मी तीन-चार टप्प्यांत मिळून 0.2 बिटकॉइन घेतलं. सरासरी भाव 14 लाख पडला, म्हणजे मुद्दल 2 लाख 80 हजार. मुलगी यंदा बारावीला आहे. इंजिनिअरिंगला खाजगी कॉलेज मिळालं तर चार वर्षांची फी सहा लाखांच्या घरात जाईल. ती यातूनच काढायची, असं घरात ठरलंय. कधी काढायची, यावर मात्र एकमत होत नाही.

धाकटा भाऊ म्हणतो, "ताई, फक्त मुद्दल काढून घे, उरलेलं फुकटात पडलं असं समज आणि विसरून जा." ऐकायला छान वाटतं, म्हणून कागदावर मांडून पाहिलं. हिशेबाला सोपा म्हणून भाव 70 लाख धरला. या भावाने 2 लाख 80 हजारांसाठी 0.04 विकावं लागेल. पण त्यातला 2 लाख 24 हजार नफाच आहे आणि त्यावर 30 टक्के कर, वर 4 टक्के सेस, म्हणजे जवळपास 70 हजार गेले. हातात 2 लाख 10 हजार. पूर्ण मुद्दल हातात यायला 0.053 विकावं लागतं. आणि उरलेल्यावरचा कर काही माफ होत नाही, मग फुकटात कसलं?

शेअर्समध्ये वर्षभर थांबलं तर कराचा दर उतरतो. इथे 1 एप्रिल 2022 पासून सरसकट 30 टक्के, एक दिवस ठेवा नाहीतर दहा वर्षं. त्यामुळे करासाठी थांबण्यात काही अर्थ नाही. थोडं मार्चमध्ये, थोडं एप्रिलमध्ये असं दोन वर्षांत वाटून विकलं तरी दर तोच.

नवऱ्याचं म्हणणं, सहा लाख सुटतील एवढं आत्ताच विकून एफडीत टाकू. त्यासाठी 70 च्या भावाने साधारण 0.115 जाईल, म्हणजे निम्म्याहून जास्त. आधी मला ते जिवावर आलं होतं. मग भाव निम्मा, 35 लाख, झाला तर काय होईल तेही मांडलं: सगळंच्या सगळं 0.2 विकूनही कर जाऊन 5 लाख 70 हजारच येतात. फीसुद्धा निघत नाही! आणि निम्मा होणं यात काही नवल नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये 69 हजार डॉलरला गेलेलं बिटकॉइन वर्षभरात 16 हजारांच्या खाली आलं होतं. म्हणून सध्या माझा कल नवऱ्याच्या बाजूने आहे. उरलेलं 0.085 भावाच्या सल्ल्याने पडून राहू दे, त्याचाही मान राहील.

आता जाणकारांनी सांगावं. हे 0.115 एका फटक्यात विकावं, की दरमहा थोडं थोडं करून अ‍ॅडमिशनच्या आत संपवावं? घेतानाचे भाव वेगवेगळे आहेत, तर खरेदी किंमत दाखवताना आधी घेतलेलं आधी विकलं असं धरायचं, की सरासरी चालते? तुमचे सीए काय करतात? एक टक्का टीडीएस नफ्यावर नाही, पूर्ण विक्रीवर कापला जातो हे माहीत आहे. पण अ‍ॅडव्हान्स टॅक्स तिमाहीप्रमाणे कुणी भरलाय का?

शिवाय एक मीम कॉइनही (गंमत म्हणून काढलेलं क्रिप्टो नाणं) आहे, भावाच्याच कृपेने. त्यात 40 हजारांचे 6 हजार झालेत. तो तोटा बिटकॉइनच्या नफ्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. मग ते विकण्यात काही फायदा आहे, की राहू द्यावं तसंच?

माझं बिटकॉइन हार्डवेअर वॉलेटमध्ये, म्हणजे त्याच्या चाव्या ऑफलाइन ठेवणाऱ्या छोट्या उपकरणात आहे. एक्स्चेंजवर परत पाठवताना आधी चिमूटभर पाठवून बघणारच आहे. ओळखीतले एकजण परस्पर रोखीने किंवा यूपीआयने घ्यायला तयार आहेत, पण अशा व्यवहारात समोरच्याचा पैसा फसवणुकीतला निघाला तर आपलं बँक खातं गोठतं, म्हणून त्यांना नाही म्हटलंय. सरळ मार्गाने एक्स्चेंजवर विकून चार-पाच लाख एकदम खात्यात आल्यावर बँकेने कुणाला विचारणा केली आहे का? केली असेल तर कोणते कागद मागितले?