हवाई ज्वालामुखी उद्यान : दमा असलेल्या बाबांना काय काय दाखवता येईल?

नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्याचे. बहीण अमेरिकेत असते, तिच्यासोबत आई-बाबांना हवाईच्या बिग आयलंडवर नेतोय. मुक्काम हिलोला आहे, तिथून ज्वालामुखी उद्यान गाडीने पाऊण तासावर.

बाबांनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. मुलांना बडोद्याजवळच्या पावागड डोंगरावर न्यायचे तेव्हा वाटेत थांबून खालचा काळा बेसाल्ट, वरचा फिकट रायोलाइट हाताने चाचपायला लावायचे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा हा लाव्हा, असं सांगताना आवाज चढायचा. तोच दगड तयार होताना एकदा बघायचा आहे, एवढंच त्यांचं मागणं आहे.

अडचण दम्याची. उद्यानातल्या किलाउएआ ज्वालामुखीतून सल्फर डायऑक्साइड निघतो, हवेत त्याचं धुरकं होतं. शिवाय गुडघे दुखतात. पावागडला आता रोपवेने जातात, पण पुढच्या देवळापर्यंतच्या पायऱ्यासुद्धा बसत बसत चढतात. तरी किलाउएआ इकी या विवराच्या तळावर उतरायचंच म्हणतात. १९५९ साली तिथे लाव्हाचं कारंजं ५८० मीटर उंच उडालं होतं, ते त्यांच्या डोक्यातून जात नाही. न्यावं का? नाहीतर त्याच तोडीचं दुसरं काय? आईला तिथल्या ज्वालामुखीच्या पेले देवीला नारळ ठेवायचा आहे, ते चालतं का? कोणी वयस्कर माणसांना घेऊन गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १
आम्ही सासूबाईंना नेलं होतं. इकीच्या तळावर नेऊ नका. सुमारे १२० मीटर खाली उतरायचं, तेवढंच चढून यायचं, पूर्ण फेरी पाच किलोमीटरच्या वर. त्याऐवजी वरच्या कड्यावरून तळ दाखवा, गोठलेल्या लाव्हाच्या तळ्याच्या भेगा स्वच्छ दिसतात. मग डेव्हास्टेशन ट्रेलवर चला. वाट पक्की आहे, एका बाजूने जेमतेम पाऊण किलोमीटर, आणि १९५९च्या त्याच कारंज्यातून पडलेल्या राखखड्यांमधूनच जाते. बाबांना हे जास्त आवडेल, बघा.

सल्फर बँक्स (जमिनीतून गंधकाचे वायू निघतात ती जागा) आणि वाफेच्या भोकांकडे मात्र दम्याच्या माणसाला अजिबात नेऊ नये. ईशान्येचे वारे वाहत असले की धुरकं नैर्ऋत्येला जातं, वारा पडला की उद्यानातच साचतं. म्हणून निघण्याआधी उद्यानाच्या संकेतस्थळावर वायूची पातळी बघा. इनहेलर सामानात नको, खिशात हवा. साधा मास्क राख अडवतो, वायू नाही.

नारळ-फुलं ठेवू नका, तशी उद्यानाची विनंती आहे. कड्यावर उभं राहून हात जोडावेत. दगड उचलणं बेकायदा आहे, बाबांना आधीच सांगून ठेवा!

प्रतिसाद २
चेन ऑफ क्रेटर्स रोड चुकवू नका. सुमारे ३० किलोमीटरचा रस्ता, हजार मीटरहून जास्त उतरून थेट समुद्राशी होलेई या नैसर्गिक दगडी कमानीपर्यंत जातो. गाडीतून उतरलं की पायाशीच लाव्हा. दोरखंडासारख्या वळ्या पडलेला पाहोएहोए आणि कचकचीत आआ, दोन्ही शेजारी-शेजारी. पेट्रोल, पाणी, खाणं आधीच भरून घ्या, खाली काही मिळत नाही.

वाहता लाव्हा नशिबावर आहे. डिसेंबर २०२४ला किलाउएआच्या माथ्यावरच्या हालेमाऊमाऊ विवरात सुरू झालेल्या उद्रेकात कारंजी काही तास उडायची, मग कित्येक दिवस शांतता. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण रोज माहिती देतं, ती बघून कार्यक्रम पुढे-मागे करा. उद्यान चोवीस तास उघडं असतं. लाव्हा असेल तर पहाटे अंधारातच जा, गर्दी नसते. स्वेटर आणि रेनकोट हवेतच, उंची १२०० मीटर आहे.

धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. इकीचा हट्ट सुटला, डेव्हास्टेशन ट्रेलचं ऐकून बाबा स्वतःच नकाशा घेऊन बसलेत. समुद्राकडचा रस्ता ठरला, थेपले आणि पाणी गाडीत असेल. एकच राहिलं : नाहुकू लाव्हा बोगद्याच्या पायऱ्या किती उंच आहेत आणि कठडा आहे का?