ब्र्युलोवची स्वेतलाना शेतकऱ्याची मुलगी आहे का?

चित्रवाचक:
रशियन चित्रकार कार्ल ब्र्युलोवचं १८३६ चं ‘भविष्य पाहणारी स्वेतलाना’ आणि त्याच काळातल्या व्हेनेत्सियानोवचं १८४२ चं ‘पत्त्यांवरून भविष्य’ ही दोन चित्रं शेजारी ठेवून पाहतेय. स्वेतलानाच्या डोक्यावर कोकोश्निक, म्हणजे मुकुटासारखं पारंपरिक रशियन शिरोभूषण आहे. एवढ्यावरून तिला शेतकरीण म्हणता येईल?

तैलरंग:
कोकोश्निकवरून ठरवू नका, तिथेच बहुतेकांची चूक होते. १८३४ मध्ये झार पहिल्या निकोलायने फर्मान काढून दरबारी स्त्रियांनाही त्याच घाटणीचं शिरोभूषण सक्तीचं केलं होतं. त्यामुळे आधी कापड पाहा. दरबारी पोशाख मखमली, लोंबत्या बाह्यांचा आणि मागे लांब घोळ असलेला. साधा सदरा आणि त्यावर साराफान (बिनबाह्यांचा लांब झगा) हा वेश शेतकरी किंवा व्यापारी घरातला. मग केस पाहा: एक वेणी म्हणजे कुमारिका, लग्नानंतर दोन वेण्या आणि त्याही झाकलेल्या.

शिवाय विषय रशियन कवी झुकोव्स्कीच्या ‘स्वेतलाना’ या कवितेतला आहे. तिथल्या मुली भविष्य पाहण्यासाठी दाराबाहेर जोडा फेकतात, मेण वितळवतात, कोंबडीला दाणे मोजून घालतात, हे सगळं खेड्यातलं. पण पाण्याच्या वाडग्यात टाकतात सोन्याची अंगठी आणि पाचूची कर्णफुलं! ती शेतकऱ्याच्या घरी कुठून येणार? माझ्या मते स्वेतलाना कोणत्याच एका वर्गातली नाही. सुशिक्षितांनी मनात रंगवलेली ‘रशियन मुलगी’ आहे ती.

उत्तररात्र:
चित्रात स्वेतलाना ज्यात पाहतेय तो आरसाही नीट पाहा. नाताळ ते एपिफनी हा ख्रिस्ती सण या बारा दिवसांत मुली रात्री एकट्याने मेणबत्ती लावून आरशात पाहत; त्यात होणारा नवरा दिसतो अशी समजूत. आता प्रकाशाचा नियम लावा. आरशात आपल्याला तिचे डोळे दिसतात, म्हणजे तिलाही तिथे आपण दिसू शकतो. नवऱ्याच्या जागी चित्र पाहणारा येतो, आणि १८३६ मध्ये तो पाहणारा शेतकरी नव्हता.

साफोन्कोवो:
व्हेनेत्सियानोवकडे याच्या उलट. तो त्वेर प्रांतात आपल्या जमिनीवर राहून भूदासांना (जमिनीशी बांधलेल्या, मालकाच्या ताब्यातल्या शेतकऱ्यांना) समोर बसवून रंगवायचा. त्याच्या चित्रातले पत्ते ही विकत आणायची वस्तू, सरकारी कारखान्यात छापलेली. दाणे आणि मेण घरचंच. आणि भूदास मुलीच्या लग्नाला बहुधा मालकाची परवानगी लागे. भूदासपद १८६१ मध्ये संपलं. म्हणजे चित्रातल्या मुलींसारख्या कुणा भूदास मुलीने पत्त्यांना नवरा विचारला, तरी होकार-नकार जमीनदाराच्याच हातात.