अनोळखी शब्दापाशी मुलांनी थांबावे की पुढे वाचत जावे?

गोदाकाठचा वाचक (परभणी):
आमच्या गावच्या वाचनालयात येणारी आठवी-नववीची मुले शब्द अडला की लगेच मोबाईलवर अर्थ शोधतात आणि तेवढ्यात गोष्टीचा धागा सुटतो. माझे मत असे की, आधी पुढची दोन-तीन वाक्ये वाचून अर्थाचा अंदाज बांधावा आणि परिच्छेद संपल्यावरच कोश उघडावा. 'मृगाचा पाऊस झाला, वाफसा आला आणि त्याने चाड्यावर मूठ धरली' हे वाक्य घ्या. तिफणीवरच्या ज्या वाटीसारख्या भागात मुठीने बियाणे सोडतात आणि जिथून ते नळ्यांवाटे जमिनीत जाते, ते चाडे शहरातल्या मुलाने पाहिलेले नसते. तरीही पाऊस आणि मूठ यांवरून पेरणी सुरू झाली हे त्याला उमगते, आणि गोष्ट पुढे सरकायला तेवढे पुरते.

लातूरची शिक्षिका:
मला हे मान्य नाही. 'तो निघून गेल्यावर त्याच्या अपरोक्ष सगळे बोलू लागले' अशी वाक्ये सर्रास छापली जातात आणि त्यांवरून मुले 'अपरोक्ष' म्हणजे 'पाठीमागे' असे धरून चालतात. वास्तविक नजरेआड ते परोक्ष आणि प्रत्यक्ष समोर ते अपरोक्ष. 'किंबहुना'चेही तेच झाले आहे. 'इतकेच नव्हे तर' या अर्थाचा हा शब्द कित्येक सुशिक्षित माणसे 'कदाचित' म्हणून वापरतात. अंदाजाने पक्का झालेला चुकीचा अर्थ पुसणे फार अवघड जाते.

जालन्याचा वकील:
बाईंशी मी सहमत आहे. मुदतखरेदीखत म्हणजे हप्त्याने केलेली खरेदी, असा अंदाज करणारे पक्षकार माझ्याकडे येतात; ठरल्या मुदतीत पैसे परत केल्यास जमीन परत मिळण्याची अट त्यात असते, हे त्यांच्या ध्यानातही नसते. वाचनाची सवय पुढे कागदपत्रांपर्यंत जाते, म्हणून शब्दापाशी थांबायला लहानपणीच शिकवावे.

गोदाकाठचा वाचक:
दस्तऐवज वाचताना थांबलेच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. मी गोष्टीच्या पुस्तकांविषयी लिहितो आहे. 'अपरोक्ष'च्या उदाहरणात तर मुलाचा तर्क अचूकच होता, चूक लिहिणाऱ्याची होती, आणि ती धरण्यासाठीच परिच्छेदानंतर कोश उघडावा असे मी म्हणतो. मात्र अंदाज बांधण्यासाठी आजूबाजूचे शब्द ओळखीचे असावे लागतात. इंग्रजी शिकणाऱ्या परभाषिक वाचकांवरील हू आणि नेशन यांच्या २००० सालच्या अभ्यासात, मदतीशिवाय गोष्ट नीट समजण्यासाठी सुमारे ९८ टक्के शब्द माहीत असावे लागतात, असे आढळले. म्हणजे पन्नास शब्दांत एखादाच अनोळखी. मराठीसाठी हा आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही, पण पुस्तक निवडताना हा विचार हवा.

लातूरची शिक्षिका:
नेमके इथेच माझे म्हणणे आहे. माझ्या वर्गात तांड्यावरून येणारी, घरी गोरमाटी बोलणारी मुले आहेत. आपल्याला सोप्या वाटणाऱ्या पानावर त्यांना ओळीओळीला अनोळखी शब्द भेटतात. त्यांना 'संदर्भावरून ओळखा' असे सांगणे म्हणजे त्यांना वाऱ्यावर सोडणे आहे. त्यांच्या हाती पानाच्या तळाशी शब्दार्थ दिलेलीच पुस्तके हवीत.

गोदाकाठचा वाचक:
या मुलांना आधार हवा, हे मला पूर्ण पटते. पण तळाशी दिलेल्या शब्दार्थांकडे नजर पुन्हा पुन्हा वळते आणि वाचन तुटते ते तुटतेच. त्याऐवजी ज्यांच्यावाचून गोष्ट अडेल असे चार-पाच शब्द वाचन सुरू होण्यापूर्वी तोंडी, शक्य तर गोरमाटीतूनच, समजावून द्यावेत आणि उरलेल्यांशी मुलांना स्वतः झटू द्यावे.