छावणीचं जुनं कबरस्तान: सुटे दगड भिंतीला लावायचे की जागेवर ठेवायचे?

मोजपट्टी
कामठीसारख्या छावणीच्या गावात गोऱ्यांच्या कबरीवरून सुटलेले दगड कुंपणभिंतीला आतून उभे बसवावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. झुडपात पडलेल्या संगमरवराचा एक दिवस कुणाकडे तरी पाटा होतो. भिंतीवर निदान वाचता येईल. उरलेल्या चौथऱ्यांना सिमेंटचा गिलावा आणि वर पांढरा रंग. एका हिवाळ्यात काम संपतं.

चुनाभट्टी
दगड वाचेल, पण कबर कुठे होती ते कायमचं जाईल. छावणी १८२१ची, फौज मद्रासची. एका रांगेत एकाच पावसाळ्याच्या तारखा आल्या की साथीची शंका घेता येते. दगड उंचीप्रमाणे भिंतीला लावले की ती रांगच पुसली.

आणि सिमेंट? जुने चौथरे विटा-चुन्याचे. जमिनीतली ओल चुन्यातून बाहेर पडते, सिमेंट तिला अडवतं. मग क्षार आतच साठतात, लोणा लागतो, आणि दोन-चार वर्षांत गिलावा विटेची साल घेऊनच सुटतो. एक भाग भिजवून मुरवलेला चुना, एक भाग सुरखी (भाजल्या विटांची पूड), दोन भाग वाळू. आठ-दहा दिवस ओलं गोणपाट. एप्रिल-मे मध्ये हात लावू नये. नागपूरच्या उन्हात चुना धरायच्या आधीच वाळतो आणि भुगा होतो.

मोजपट्टी
चुना कालवणारा गवंडी शोधा आधी! शिवाय काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. जागेवर ठेवलेला दगड कलणारच. कितीदा उभा करायचा?

कन्हानकाठ
काहून घाई करून राहिले भाऊ? कललेला प्रत्येक दगड पडतोच असं नाही. पायाशी काँक्रीट ओतू नका, पाणी तिथंच तुंबतं. मुरूम भरा, बाहेर उतार काढा. लोखंडी जाळी दगडात रोवलेली असेल तर आधी तिकडे पाहा. लोखंड गंजून फुगतं आणि दगड कोपऱ्यातून फोडतं. पिंपळ ओढून काढाल तर सांधा उकलेल. बुंध्याशी कापा, ताज्या कापावर लगेच तणनाशक लावा, मुळं आतच वाळू द्या.

ॲसिडचं तर नावच नको. संगमरवर त्यात विरघळतो, अक्षरं बोथट होतात. इकडचा कामठी वालुकाश्म (भूगर्भशास्त्रात त्या थराला नावच कामठीचं आहे) तारेच्या ब्रशनं कणाकणानं झडतो. साधं पाणी, मऊ ब्रश, बस.

नोंदवही
दोघंही दुरुस्तीवर भांडताय, नोंद कोण करणार? कबरीला क्रमांक, हातनकाशा, दोन पक्क्या खुणांपासून अंतर, पट्टी ठेवून फोटो. पुसट अक्षरांवर पीठ किंवा खडू चोळू नये. आरशानं बाजूनं तिरपं ऊन पाडलं की ती उठून दिसतात. ओळ जशी तुटते तशीच उतरवायची. गेलेली अक्षरं अंदाजानं भरली की पुढचा माणूस तीच खरी धरतो. ‘एम.एन.आय.’ म्हणजे मद्रास नेटिव्ह इन्फन्ट्री (मद्रासचं देशी पायदळ), हे ठाऊक नसलं की लोक मधलं अक्षर हमखास चुकवतात.

मग पडताळा. १९३२ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या कबरलेखांची यादी नागपुरात छापली गेली. दफनाच्या नोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. इलाख्यानुसार त्यांची खाती वेगळी: बंगाल एन/१, मद्रास एन/२, मुंबई एन/३. कामठीच्या जुन्या गोऱ्या सैनिकांसाठी आधी एन/२ उघडा. नागपूर मुंबईच्या खात्यात शोधणारे बरेच दिवस वाया घालवतात.

मोजपट्टी
नोंद आधी, हे मान्य. पण ज्याचा चौथराच उरला नाही, तो दगड?

चुनाभट्टी
सापडला त्या जागी खूण रोवा, दगडाच्या मागं तोच क्रमांक, मग भिंतीशी खुशाल ठेवा. फक्त भिंतीत चिणू नका. टेकवून ठेवा, खाली विटांचे दोन थर. मागची बाजू कधीतरी वाचावी लागते.

मोजपट्टी
नुसता टेकवला तर रात्रीतून जाईल. मी तर चिणणारच.